कुत्र्याला हृदयविकार? रोज झोपेतले श्वास मोजा!

घरच्या घरी मिनिटभरात करता येणारी तपासणी. धोक्याची सूचना वेळेआधी मिळते

गडहिंग्लज : रात्रीचा खोकला, थोडे चालताच धाप, खेळता खेळता मध्येच बसणे... पाळीव कुत्र्यातील या खुणा ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिल्या जातात. त्यामागे हृदयविकार असू शकतो. हा आजार औषधाने सहसा पूर्ण बरा होत नाही. पण वेळेवर उपचार आणि नीट देखभाल मिळाली, तर कुत्रा बराच काळ आरामात जगू शकतो. गडहिंग्लजहून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायला तासाहून अधिक वेळ जातो. त्यामुळे बिघाड आधी ओळखणे महत्त्वाचे.

नेमके काय बिघडते?

पामेरियन, पग, डॅशहंड अशा लहान जातींत उतारवयात हृदयाची मायट्रल झडप जाड होते. ती नीट मिटत नाही आणि रक्त उलटे फिरते. डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत हृदयाचा स्नायूच दुबळा होतो. दोन्हींत पुढे फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते. डासांमुळे पसरणारा हार्टवर्म हा जंतही हृदयावर ताण आणतो. नेमके निदान एक्स-रे आणि हृदयाच्या सोनोग्राफीतून होते.

श्वास कसे मोजाल?

• कुत्रा शांत झोपलेला असताना मोजा. उन्हातून आल्यावर किंवा तो स्वप्नात पाय हलवत असताना नको.
• छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास.
• ३० सेकंद मोजा, येणारा आकडा दुप्पट करा.
• रोज कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मिनिटाला ३० पेक्षा कमी श्वास असतील तर काळजी नाही. आकडा वारंवार ३० च्या वर जात असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना कळवा. ४० च्या वर गेला, हिरड्या निळसर दिसल्या, कुत्रा मान ताणून श्वास घेऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर सकाळची वाट पाहू नका. निघण्याआधी दवाखान्यात फोन करा. गाडीत त्याला दाबून आडवे करू नका. हवे तसे बसू द्या.

औषधांचे काय?

पिमोबेंडन हृदयाचे आकुंचन सुधारते. २०१६ च्या ‘एपिक’ अभ्यासात, झडपेच्या विकाराने हृदय मोठे झालेल्या पण त्रास सुरू न झालेल्या कुत्र्यांत या औषधाने त्रासाची सुरुवात सुमारे १५ महिने लांबली. हे औषध साधारणपणे जेवणाआधी तासभर दिले जाते.

फुप्फुसांतील पाणी काढण्यासाठी फ्युरोसेमाइड देतात. त्याने लघवी आणि तहान दोन्ही वाढतात. घरात लघवी झाली म्हणून रागावू नका आणि पाण्याचे भांडे कधीही उचलू नका. मूत्रपिंडावर परिणाम होत नाही ना, हे पाहण्यासाठी सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नका. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नका. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देणे घातक ठरू शकते.

घरात काय पाळावे?

• पापड, लोणचे, फरसाण, सुकी मासळी आणि ताटातला तांबडा-पांढरा रस्सा बंद. जादा मिठाने शरीरात पाणी साठते.
• गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा.
• उन्हाळ्यात फिरणे पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. वेग कुत्र्याने ठरवावा.
• भूक आणि वजनावर लक्ष ठेवा.

शस्त्रक्रिया होते का?

मे २०२४ मध्ये दिल्लीत ‘जुलिएट’ या सात वर्षांच्या बीगल कुत्रीच्या मायट्रल झडपेला हृदय न उघडता चिमटा बसवण्यात आला. मात्र अशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे आणि खर्च मोठा आहे. बहुतेक घरांसाठी गोळ्या आणि देखभाल हाच मार्ग.

कठीण प्रश्न

औषधे वाढवूनही श्वास खाली येत नसेल, कुत्रा रात्रभर झोपू शकत नसेल, अन्नाकडे पाहत नसेल, तर त्याच्या त्रासाबद्दल पशुवैद्यकांशी स्पष्ट बोला. वेदनारहित निरोप हाही उपचाराचाच भाग आहे. त्या वेळी कॅलेंडरवरचे आकडे कामी येतात. गेल्या महिन्यात चांगले दिवस किती आणि वाईट किती, हे त्यातून दिसते आणि निर्णय केवळ भीतीपोटी घ्यावा लागत नाही.