पहिल्या दिवशीचं कारण

अटलांटातल्या स्पा हत्याकांडाला 16 मार्च 2026 ला पाच वर्षं झाली. आठ जण मारले गेले आणि त्यांतल्या सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या, हे वाचकांना आठवत असेल. मला त्या प्रकरणात सर्वांत जास्त छळते ती दुसऱ्या दिवशीची पत्रकार परिषद. चेरोकी काउंटीच्या शेरिफ कार्यालयाचा प्रवक्ता आरोपीबद्दल म्हणाला, की कालचा दिवस त्याच्यासाठी फारच वाईट होता. आपण हे लैंगिक व्यसनापायी केलं, वंशाचा संबंध नाही, असं आरोपीने पोलिसांना सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत देशभरच्या मथळ्यांत तेच होतं. अटलांटा शहरात मारल्या गेलेल्या चौघींची नावं तोवर अधिकृतपणे जाहीरही झाली नव्हती. मारणाऱ्याचं म्हणणं मात्र घरोघरी पोचलं होतं.

पुढे त्या प्रवक्त्याची जुनी फेसबुक पोस्ट उघडकीला आली. करोनाचं खापर चीनवर फोडणाऱ्या टी-शर्टांची त्याने जाहिरात केली होती. त्याला या प्रकरणातून बाजूला केलं गेलं, पण त्याने सांगितलेलं कारण लोकांच्या डोक्यातून गेलं नाही.

अटलांटाच्या उत्तरेकडच्या अल्फारेटा, जॉन्स क्रीक, कमिंग या पट्ट्यात आज कितीतरी मराठी घरं आहेत. अल्फारेटा फुल्टन काउंटीत आहे आणि पलीकडे चेरोकी; हत्या या दोन्ही काउंट्यांत झाल्या होत्या. जुलै 2021 मध्ये चेरोकीत आरोपीने गुन्हा कबूल केला. त्याला पॅरोलविना जन्मठेपा झाल्या, आणि वंशद्वेषाचा पुरावा नाही असं तिथल्या सरकारी वकिलांनी सांगितलं. फुल्टनच्या सरकारी वकील फानी विलिस यांनी मात्र फाशीची मागणी करणार असल्याचं जाहीर केलं आणि द्वेषगुन्ह्याचा कायदाही लावायचं ठरवलं. तो कायदा जॉर्जियाने आदल्याच वर्षी, अहमद आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाच्या हत्येनंतर केला होता. एकाच दिवशी एकाच माणसाने केलेल्या हत्या काउंटीची हद्द ओलांडली की वेगळ्या ठरत होत्या.

या सगळ्यात मला खरी पत्रकारिता दिसली ती कोरियन वृत्तपत्रांत. त्यांचे बातमीदार शेजारच्या स्पांमधल्या बायकांशी त्यांच्या भाषेत बोलले. आशियाई माणसांना मारणार असं हल्लेखोर ओरडल्याची साक्ष त्यांनी छापली. ती पुरावा म्हणून टिकेल की नाही हा न्यायालयाचा प्रश्न, पण ती विचारायला गेलं कोण? मोठ्या इंग्रजी माध्यमांपर्यंत ती फारशी पोचलीच नाही. उलट, तुम्ही या बातमीत भावनेने गुंताल, असं आशियाई वंशाच्या काही पत्रकारांना त्यांच्याच न्यूजरूममध्ये सुनावलं गेल्याच्या तक्रारी त्यांच्या संघटनेकडे आल्या. गोऱ्या बातमीदाराला गोऱ्या आरोपीची बातमी देताना असं कोणी विचारत नाही.

शहानिशा न करता मथळे छापणं अटलांटाला नवं नाही. 1906 च्या उन्हाळ्यात गव्हर्नरपदासाठी लढणाऱ्या दोघांपैकी होक स्मिथ ‘जर्नल’चे माजी मालक होते, तर क्लार्क हॉवेल ‘कॉन्स्टिट्यूशन’चे संपादक. कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्यावर दोघांचा प्रचार तापला. 22 सप्टेंबरला सायंदैनिकांनी जादा अंकांमागून जादा अंक काढले: कृष्णवर्णीयांनी गोऱ्या स्त्रियांवर हल्ले केल्याच्या, शहानिशा न केलेल्या बातम्यांचे. त्याच रात्री हजारोंचा जमाव रस्त्यावर उतरला. त्या दंगलीत किमान 25 कृष्णवर्णीय मारले गेले.

आपल्याकडे खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं गेलं, तेव्हा सुरुवातीच्या बातम्यांत ‘अनैतिक संबंध’ हेच कारण फिरत होतं. मोर्चे निघाले, तेव्हा कुठे जात ठळकपणे छापली गेली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असंही म्हटलं. निकाल वृत्तपत्रांमुळे तसा लागला असा माझा दावा नाही. पण ज्या गावगप्पेने मेलेल्या स्त्रीची बदनामी केली, ती छापणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही, ही माझ्या व्यवसायाची नामुष्की आहे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. अशा गुन्ह्याच्या पहिल्याच दिवशी मथळ्यात कारण दिसलं, आणि ते कोणी सांगितलं हे लिहिलेलं नसलं, तर ती बातमी पुढे पाठवू नका. त्या वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहा. वृत्तपत्र आमचं असलं तरी.