गुणसूत्राबाहेरचे वर्तुळ

ऑक्टोबर १९९९ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाची पथके शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत फिरू लागली. सोबत मुंबईचे टाटा स्मारक केंद्र होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट आणि प्रश्न एकच: गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग एकदाच तपासायचा असेल, तर कोणती तपासणी जीव वाचवते?

या गटांच्या चार विभागांपैकी एका विभागात पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दुसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली. तिसऱ्यात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचा डीएनए शोधला. चौथ्यातल्या बायकांना नेहमीची आरोग्यसेवा तेवढी मिळत राहिली.

एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठ वर्षांत चौथ्या विभागात या कर्करोगाने ६४ बायका दगावल्या होत्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या डीएनए विभागात ३४. बाकी दोन पद्धतींनी मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. ज्यांची तपासणीच झाली नाही त्या बायकांचे काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो रास्तच होता. या आकड्यांमागे त्यांचे प्राण आहेत.

डीएनएच्या तपासणीला इतरांना न दिसणारे काय दिसले? एचपीव्हीचा सारा वारसा सुमारे ७,९०० अक्षरांच्या एका गोल रेणूत असतो. हे वर्तुळ पेशीच्या केंद्रकात शिरते, पण आपल्या गुणसूत्रांत मिसळत नाही, बाहेरच राहते. पेशी दुभंगताना ‘ई२’ हे त्याचे प्रथिन त्याला गुणसूत्राला बांधून ठेवते, म्हणून ते नव्या पेशींतही पोहोचते. बहुतेक बायकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणूला हुसकावून लावते.

काहींच्या शरीरात मात्र तो वर्षानुवर्षे टिकतो. मग कधी हे वर्तुळ तुटून गुणसूत्रात घुसते, आणि तुटताना अनेकदा ‘ई२’चे जनुकच निकामी होते. ‘ई६’ आणि ‘ई७’ या दोन घातक प्रथिनांना वेसण घालणारे तेच असते. ती मोकाट सुटली की ‘ई६’ पेशीचा ‘पी५३’ हा रखवालदार नष्ट करते आणि ‘ई७’ वाढ रोखणाऱ्या ‘आरबी’ला निष्प्रभ करते. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. पेशींचे रूप पालटण्याआधीच डीएनए तपासणी धोका ओळखते, ती याच काळात.

अशी वर्तुळे फक्त विषाणूंचीच नसतात. लहान मुलांच्या गाठींत गुणसूत्राबाहेरचे बारीक ठिपके १९६५ मध्येच नोंदले गेले होते. ते ठिपके अशाच वर्तुळांचे होते: आपल्याच गुणसूत्राचा तुकडा सुटून गोल होतो आणि त्यावर कर्करोगाला चालना देणारे जनुक असेल तर त्याच्या प्रती वाढत जातात. गुणसूत्राला समान वाटणी करून देणारा मध्यबिंदू या वर्तुळाला नसतो. एका पेशीला ढीगभर प्रती मिळतात, दुसरीला मोजक्याच. या विषम वाटणीमुळेच गाठ औषधाला चटकन दाद देईनाशी होते. २०२४ मध्ये १४,७७८ रुग्णांच्या अभ्यासात १७.१ टक्के गाठींत ही वर्तुळे आढळली. एचपीव्हीमुळे होणाऱ्या कर्करोगांत तर विषाणूचा आणि माणसाचा डीएनए जोडून तयार झालेली मिश्र वर्तुळेही सापडली आहेत.

एचपीव्हीविरुद्धची ‘सर्व्हाव्हॅक’ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये जाहीर केली. पण लस आधीच जडलेला संसर्ग घालवत नाही. आज चाळिशीत असलेल्या बाईला तपासणीच हवी. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागातल्या तळेघरहून तपासणीसाठी घोडेगाव, मंचर गाठायचे म्हणजे मजुरी बुडते, म्हणून तपासणी वारंवार करावी लागू नये हे तिथे फार महत्त्वाचे. उस्मानाबादेत इतर दोन पद्धतींनी ‘निर्दोष’ ठरलेल्या बायकांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण डीएनए तपासणीत निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून जास्त निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या उद्दिष्टानुसार ही तपासणी पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा व्हायला हवी. तिच्यासाठीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, आणि संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याला मान्यता दिली आहे.