सरंजामशाही समजून घेताना (भाग ५) : दोन धनी, एक खळं

मागच्या भागात आपण युरोपातल्या सरदाराची शपथ पाहिली. धन्याने जमीन द्यायची, सरदाराने लढाईला उभं राहायचं. पण धनी दोन असले तर?

वऱ्हाडातल्या शिरपूर जैनच्या परिसराला हा प्रश्न जुनाच आहे. १७२४ साली शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मोगल सुभेदार मुबारिजखानाला हरवलं आणि वऱ्हाडवर हक्क बसवला. पण दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी १७१९ च्या सनदांनी शाहू महाराजांकडे आली होती, आणि वऱ्हाडातली वसुली नागपूरकर भोसले करत. यालाच म्हणतात दोअमली. ज्वारीची रास खळ्यावर पडली, की तिच्यावर डोळा ठेवणारे दोन. एकाला दिलं म्हणून दुसरा सोडत नसे.

युरोपातही एकच सरदार दोघा-तिघांकडून जमिनी घेई. ते धनी आपसांत भिडले की पंचाईत. म्हणून तिथे तोड निघाली : धनी कितीही असोत, त्यांतला एक मुख्य, आणि तलवार आधी त्याच्यासाठी.

जपानची दोअमली आपल्या अधिक जवळची. ११८५ मध्ये कामाकुराहून सत्ता चालवणाऱ्या मिनामोतो योरितोमो या सेनानीने गावोगावी आपले 'जितो', म्हणजे वसुली पाहणारे कारभारी, नेमण्याचा अधिकार दरबाराकडून मिळवला. जमीनदारी क्योतोच्या उमरावांची नाहीतर देवळांची, आणि वसुलीवर माणूस कामाकुराचा! भांडणं इतकी वाढली, की कित्येक ठिकाणी जमीनच अर्धी-अर्धी वाटून द्यावी लागली. हा गुंता सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने सोडवला. जमीन मोजली, शेत कसणाऱ्याच्या नावे लिहिलं, १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडची हत्यारं काढून घेतली. पुढे बहुतेक सामुराई गाव सोडून किल्ल्याच्या शहरात गेले आणि धन्याने दिलेल्या तांदळावर जगू लागले.

आपला देशमुख मात्र गावाकडेच राहिला. अंमल निजामाचा असो की भोसल्यांचा, परगण्यात कुठली जमीन पिकते नि कुठली पडीक, हे त्याच्याशिवाय आणि देशपांड्याच्या दफ्तराशिवाय कुणाला कळणार? वतन बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटलं जाई, प्रसंगी विकलंही जाई. नवा अंमलदार फार तर जुनी सनद कायम करी. वतनदार म्हणजे राज्यातले छोटे राजेच, हे रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त ओळखलं होतं. पांढऱ्या मातीच्या गढीत बसलेल्या माणसाचं इमान धन्यापेक्षा वतनाशी जास्त होतं. म्हणूनच दोन धन्यांत त्याचं निभलं.

निभलं नाही ते तिसऱ्या धन्यापुढे. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसले वऱ्हाडातून गेले; १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मग साखळी घेऊन मोजणीदार आले, शेताला सर्व्हे नंबर पडला आणि सारा थेट शेतकऱ्याच्या नावे लागला. जे हिदेयोशीने केलं, तेच जवळजवळ तीनशे वर्षांनी इथे झालं. देशमुखाचं काम संपलं, हाती पेन्शन आली. जपानी सरकारनेही १८७६ मध्ये सामुराईंचा तनखा बंद करून हातावर रोखे ठेवले. तलवार असो वा दफ्तर, शेताची नोंद सरकारदरबारी गेली की मधल्या माणसाची गरज उरत नाही.

(पुढच्या आठवड्यात : बारा बलुतेदार आणि युरोपातला भूदास)