एका फतव्याची सातशे वर्षं

6 ऑक्टोबर 1981. कैरोत विजयदिनाचं लष्करी संचलन चालू होतं. तोफगाड्या ओढणाऱ्या ट्रकमधून लेफ्टनंट खालिद इस्लामबुली आणि त्याचे साथीदार उतरले आणि त्यांनी सलामी घेणारे इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांना गोळ्या घातल्या. इस्रायलशी केलेला तह हे कारण सगळ्या जगाला समजलं. पण मारेकऱ्यांना एक धार्मिक परवानगीही हवी होती. सादात नमाज पढणारे, कपाळावर सजद्याचा घट्टा मिरवणारे मुसलमान; त्यांना मारायचं कसं?

ही परवानगी अब्दुस्सलाम फरज याच्या एका पुस्तिकेनं दिली. फरज काही मौलवी नव्हता, वीज अभियंता होता. त्यानं आधार शोधला तो थेट इब्न तैमिया या दमास्कसच्या धर्मपंडिताच्या लिखाणात. तेराव्या शतकाच्या अखेरीस इराणच्या मंगोल राजांनी इस्लाम स्वीकारला आणि तरीही ते सीरियावर चालून येत राहिले. मुसलमान झालेल्या या मंगोलांशी लढावं का? लढावं, असा फतवा इब्न तैमियानं दिला, कारण ते शरियतऐवजी चंगीझखानाचा कायदा चालवतात. वेढ्याच्या भीतीत जगणाऱ्या शहराला दिलेलं हे उत्तर फरजनं उचललं आणि मंगोलांच्या जागी इजिप्तचे राज्यकर्ते बसवले.

दुसऱ्या मुसलमानाला काफिर ठरवणं, म्हणजे तकफीर, इस्लामच्या मुख्य धारेनं शतकानुशतकं टाळलं होतं. त्यामागे जुनी जखम होती. 657 मध्ये सिफ्फीनच्या लढाईत खलिफा अली यांनी लवाद मान्य केला, तेव्हा त्यांच्याच फौजेतला एक गट निवाड्याचा अधिकार फक्त अल्लाचा म्हणत फुटून निघाला. हे खारिजी. चार वर्षांनी त्यांच्यातल्या एकानं कुफा इथे अलींचा जीव घेतला. तेव्हापासून ‘खारिजी’ ही सुन्नी विद्वानांच्या तोंडी शिवीच होऊन बसली.

मग विसाव्या शतकात ही विचारसरणी पुन्हा मूळ कशी धरते? तिचा एक धागा चक्क मराठवाड्यात पोचतो. अबुल आला मौदूदी यांचा जन्म 1903 मध्ये निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादचा. पेशानं ते पत्रकार. जमियत उलेमाच्या वृत्तपत्राचे संपादक होते. सार्वभौमत्व फक्त अल्लाचं, म्हणून लोकांच्या नावानं कायदे करणारी संसद आणि राष्ट्रवाद हे त्यावरचं अतिक्रमण, अशी मांडणी त्यांनी केली. इस्लामपूर्व अरबस्तानातलं अज्ञानयुग, ‘जाहिलिया’, त्यांना आधुनिक पाश्चात्त्य संस्कृतीत दिसलं. 1941 मध्ये लाहोरला त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. स्वतः मौदूदी मात्र पक्ष, प्रचार आणि निवडणुकांच्या वाटेनंच गेले, हे विसरून चालणार नाही.

ही भाषा अरबी अनुवादांतून इजिप्तच्या सय्यद कुत्ब यांच्यापर्यंत गेली. कुत्ब हे मूळचे साहित्यसमीक्षक. कादंबरीकार नजीब महफूझ यांची गुणवत्ता अगदी आरंभी ओळखणाऱ्यांपैकी एक. पुढे ते मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेत गेले. 1954 मध्ये ब्रदरहूडवर इजिप्तचे सत्ताधीश नासर यांचा वरवंटा फिरला आणि कुत्ब तुरुंगात गेले. 1957 मध्ये तुरा तुरुंगात पहारेकऱ्यांनी ब्रदरहूडच्या वीसहून अधिक कैद्यांना गोळ्या घालून मारलं. आपल्या कैद्यांना असं मारणारे मुसलमान कसे, हा प्रश्न तिथल्या अनेकांनी विचारला. कुत्ब यांचं उत्तर टोकाचं होतं: आजचा मुस्लिम समाजच जाहिली आहे. 1964 मध्ये हे पुस्तकरूपानं आलं, 1966 मध्ये लेखक फासावर गेला. छळामुळे या विचाराला धार आली हे खरं. पण त्याच कोठड्यांत पिचलेले कितीतरी कैदी या निष्कर्षाला आले नाहीत.

सौदी वहाबी पंथाकडे बोट दाखवणं सोपं असतं. कर्मठपणा आणि तेलाचा पैसा तिथून आला, पण दरबारी वहाबी उलेमा राजाशी निष्ठा शिकवत. बंडाची भाषा बरीचशी आणली ती सौदी विद्यापीठांत आसरा मिळालेल्या ब्रदरहूडच्या निर्वासितांनी. कुत्ब यांचे धाकटे बंधू मुहम्मद त्यांच्यातलेच. अफगाण युद्धात पेशावरला जमलेल्या अरब तरुणांमध्ये या दोन्ही धारा मिसळल्या. सादात खटल्यात तुरुंगवास भोगलेला डॉक्टर अयमान अल जवाहिरीही तिथेच पोचला.

सर्वांत नेमका प्रतिवाद मात्र आतूनच झाला. ब्रदरहूडचे प्रमुख हसन अल हुदैबी पूर्वी न्यायाधीश होते. आपण धर्माचे प्रचारक आहोत, न्यायाधीश नव्हे, असं बजावणारा ग्रंथ त्यांच्या नावानं निघाला. भारतात मौलाना वहीदुद्दीन खान यांनी पंधरा वर्षं जमातमध्ये काढल्यावर 1963 मध्ये मौदूदींचं एकेक सूत्र तपासणारं पुस्तक लिहिलं. धर्माचा एक भाग असलेलं राजकारण मौदूदींनी धर्माचं केंद्र केलं, हा त्यांचा आक्षेप. 2014 मध्ये शंभराहून अधिक इस्लामी विद्वानांनी आयसिसच्या बगदादीला उघड पत्र लिहिलं. जो स्वतःहून उघडपणे धर्म नाकारत नाही त्याला काफिर ठरवता येत नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. त्या वेळी इराकमध्ये आयसिसच्या हातून मरणाऱ्यांत शिया होते, यझिदी होते आणि बगदादीची खिलाफत न मानणारे सुन्नी इमामही होते.