मटणावरचा शिक्का कोण पाहतो?

धुळवडीच्या सकाळी नागपुरात मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. रांगेत भावाची चर्चा होते, मांडीचं द्या की खांद्याचं यावर घासाघीस होते. हे बकरं कुठे कापलं आणि ते कोणी तपासलं, हा प्रश्न मात्र मी पशुवैद्यक असूनही त्या रांगेत क्वचितच ऐकला आहे.

कायदा याबाबत मोघम नाही. २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे शहराच्या हद्दीत मान्यताप्राप्त किंवा परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ यापेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत, तपासणीनंतर जनावराला २४ तास विश्रांती द्यावी, असंही त्यात लिहिलं आहे. हे नियम प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी झाले, पण फायदा खाणाऱ्याचाही आहे. थकलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपलेली असते. त्यामुळे मांसात पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि ते लवकर खराब होतं.

जनावर कापल्यावर पुन्हा तपासणी होते. फुप्फुस, यकृत आणि लसिका ग्रंथी चिरून पाहतात. क्षयाच्या गाठी, यकृतातले चपटे कृमी, पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या तर तो भाग किंवा अख्खं धड नष्ट करायचं. जे पास झालं त्यावर शिक्का मारायचा.

या पाण्याच्या गाठींबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘आम्ही मांस खातच नाही, आम्हाला काय त्याचं’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. गाठ असलेलं फुप्फुस कोणी उकिरड्यावर फेकतं, मोकाट कुत्रं ते खातं. कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेवाटे मातीत, तिथून भाजीवर, मुलांच्या हातांवर येतात. माणसाच्या यकृतात मग तशीच गाठ वाढते. ती वर्षानुवर्षं कळत नाही आणि कळते तेव्हा अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. माणसाला हा रोग मटण खाऊन होत नाही. न धुतलेली कोथिंबीर खाणाऱ्या पक्क्या शाकाहारी माणसालाही तो होऊ शकतो.

कत्तलखाना आणि तिथला पशुवैद्यक महापालिकेकडे. दुकानाची नोंदणी, परवाना, नमुने ही कामं अन्न व औषध प्रशासनाकडे. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला, तेव्हापासून ही घडी आहे. दोन दारं असली की तक्रार करणारा मधल्या अंगणात उभा राहतो, हे आपल्याकडे नवं नाही.

कोंबडीचं तर आणखी वेगळं. ती बहुतेक ठिकाणी दुकानातच, गिऱ्हाईकासमोर कापली जाते. समोर कापली म्हणजे ताजी, हे खरं. पण ताजी म्हणजे निरोगी नव्हे. तिथे पशुवैद्यक नसतो. ओंडका तोच, सुरी तीच, पुसायचं फडकंही तेच.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लोकांनी शिजवलेली कोंबडीसुद्धा सोडली. वास्तविक ७० अंशांपर्यंत आतून नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. भीती असते ती आजारी पक्षी हाताळण्याची आणि कच्च्या मांसाची. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आपल्याच गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं, बर्ड फ्लू. त्यांना दिलेल्या कोंबडीच्या मांसावर तेव्हा संशय घेतला गेला. वाघ काही मांस शिजवून खात नाही.

आपण शिजवतो, आणि सावजी रस्सा तर रटरट उकळतो. मात्र जंतू मारते ती उकळी. तिखटाच्या भरवशावर राहू नका. गडबड होते ती त्याआधी. कोंबडी नळाखाली धुतली की तिचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या काकडी-टमाट्यावर उडतात. तुकडे भांड्यात घेऊन थेट शिजवावेत, कोशिंबिरीची पाटी-सुरी वेगळी ठेवावी, हात साबणाने धुवावेत. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना सकाळी आणलेलं मटण दुपारपर्यंत पिशवीत तसंच ठेवू नये. अनुकूल उष्णतेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात; एकाचे तीन तासांत ५१२.