जुळ्यातली कालवड

गाईला जुळं झालं आणि त्यात एक गोऱ्हा, एक कालवड निघाली, की आनंदापाठोपाठ गोठ्यात एक घोर येतो. संगमनेरकडच्या एका गोठ्यात मालकीणबाईंनी डॉक्टरांना सरळच विचारलं, "ही पुढं गाभण राहील का?" कालवड चुणचुणीत होती, चारही सड जागच्या जागी. नुसतं पाहून सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

गोऱ्ह्यासोबत जन्मलेल्या दहा कालवडींतल्या नऊ तरी वांझ निघतात. गाईच्या पोटात दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात. त्या वाटेने नराची संप्रेरकं मादीपर्यंत पोचतात आणि तिच्या अंडाशयांची वाढ बिघडते, हे अमेरिकेत फ्रँक लिली यांनी १९१६ साली मांडलं. पुढे १९४५ मध्ये रे ओवेन यांनी दाखवलं, की रक्त तयार करणाऱ्या पेशीही एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि तिथेच मुरतात. म्हणजे कालवडीच्या अंगात जन्मभर भावाचंही रक्त खेळतं. तिच्या केसाच्या मुळाशी पाहिलं तर ती निखळ मादी दिसेल. म्हणून नमुना रक्ताचाच लागतो.

डॉक्टरांनी मानेच्या खोबणीत अंगठा दाबला, शीर फुगली, हेपरिनची नळी भरली. डब्यात ती बर्फाला टेकणार नाही अशी ठेवली. पेशी जिवंत पोचायला हव्यात. रक्त गोठलं की नमुना वाया.

प्रयोगशाळेतलं काम मला फार आवडलं. पांढऱ्या पेशींना विभागायला लावतं ते राजम्यातून काढलेलं एक द्रव्य. शरीराइतक्या उबेत त्या सुमारे ७२ तास वाढतात. मग ऐन विभाजनात त्यांना रोखायला कोल्चिसिन घालतात; आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदात असतं तेच. पातळ क्षारद्रवात पेशी फुगतात. मिथेनॉल आणि असेटिक आम्लात त्या पक्क्या केल्या, की तंत्रज्ञ हात उंच धरून थंड, ओल्या काचेवर एकेक थेंब सोडते. थेंब आपटून पसरला तरच गुणसूत्रं सुटी होतात. हात फार खाली राहिला तर सगळा गुंता.

जांभळ्या रंगात रंगवलेली ६० गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. त्यातली ५८ एका टोकाला जोडलेली, टाचण्यांसारखी. एक्स मात्र मोठं आणि दोन्हीकडे भुजा असलेलं, ते लगेच डोळ्यांत भरतं. वाय शोधण्याआधी तंत्रज्ञ विचारते, "रेत कुठल्या वळूचं होतं?" होल्स्टीनचं वाय इवलंसं, पण दोन भुजांचं असतं. गीर किंवा खिल्लार बापाचं वाय टाचणीच्याच घाटाचं, म्हणून बाकीच्या बारक्या गुणसूत्रांत लपून जातं. काळ्या-पांढऱ्या संकरित गाईला होल्स्टीनचं रेत भरलं होतं, त्यामुळे शोध सोपा होता.

पहिल्या बऱ्याच पेशींत दोन एक्स होते. मग एकीत एक्स एकच, आणि शेजारी ते इवलं वाय. पुढे आणखी काही पेशींत तेच दिसलं. अशा पेशी थोड्या असोत वा पुष्कळ, त्यांच्या प्रमाणावरून अंडाशयं किती बिघडलीत ते कळत नाही. पण त्या आहेत एवढं निदानाला पुरतं.

ही तपासणी अशा प्रत्येक कालवडीची पहिल्या महिन्यातच व्हावी, असं मला ठामपणे वाटतं. संकरित कालवड पहिल्यांदा विण्याआधी दोन-अडीच वर्षं खाते. ती माजावरच येत नाही हे तोवर कळलं नाही, तर चारा-पेंडीचा खर्च छोट्या गोठ्याला झेपत नाही.

अहवाल ऐकून मालकीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पलीकडच्या दावणीकडे बोट करून म्हणाल्या, "मग हिचंबी रक्त बघा की." ती एकटी जन्मलेली, वर्षाची कालवड. डॉक्टरांनी मान हलवली. गाभण राहण्याच्या गुणात आनुवंशिकतेचा वाटा फार थोडा, बहुतेक अभ्यासांत दहा टक्क्यांच्याही आत. त्यामागे असंख्य जनुकं, आणि त्यांच्याहून मोठा वाटा चारा, आजार आणि माज ओळखण्याचा. "ताई, हिच्या रक्तात असं एका शब्दात उत्तर नाही मिळायचं," ते म्हणाले. "वजन भरू द्या. खनिज मिश्रण चालू ठेवा. आणि माज सकाळी दिसला तर मला संध्याकाळी बोलवा, दुसऱ्या दिवशी नको."