चीक आणि वासराची वाढ

मावळ तालुक्यातील बेडसे हे पवन मावळातील भातशेतीच्या प्रदेशातील गाव. अशा गावांत भाताच्या जोडीला गोठ्यातील गाय-म्हैस हाही संसाराचा आधार असतो. गाय व्याली की खरवस वाटण्याची रीत आहे. परंतु त्या चिकावर पहिला हक्क वासराचा होय.

चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात, हे पुष्कळांस ठाऊक आहे. त्याखेरीज पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिनेही त्यात असतात. त्यांपैकी प्रमुख म्हणजे इन्सुलिनसदृश वृद्धिघटक. मानवी रक्तातील या घटकाची रचना रिंडरक्नेख्ट व हुंबेल या शास्त्रज्ञांनी 1978 साली प्रसिद्ध केली. ती 70 अमिनो आम्लांची साखळी असून तिचे इन्सुलिनशी साम्य आहे. गाईच्या शरीरातील साखळीही अगदी तशीच असते.

पेशीच्या आवरणावर या प्रथिनासाठी ठरावीक जागा असते. कुलपात किल्ली बसावी तसे ते तेथे बसते. मग संदेश पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोचतो. पेशी नवी प्रथिने तयार करते, वाढते आणि विभागते. चिकातील वृद्धिघटकाचे कार्य मुख्यतः वासराच्या आतड्यात घडते. आतड्याचे अस्तर वाढल्याने अन्नरस शोषण्याची शक्ती वाढते. साध्या दुधापेक्षा चिकात हा घटक अनेक पटींनी अधिक असतो. पुढील दोन-तीन दिवसांत तो झपाट्याने घटतो.

वेळेचे महत्त्व दुहेरी आहे. वासरू जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्यांवाचून असते आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता सुमारे 24 तासांत संपते. उशीर झाल्यास पावसाळ्यातील ओल्या गोठ्यात हगवणीने वासरू दगावण्याचा धोका वाढतो.

म्हणून वासरू जन्मल्यावर एका तासाच्या आत चीक पाजावा. पहिल्या दिवशी वजनाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे 25 किलोच्या वासरास अडीच लिटर चीक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. तो उकळू नये. उष्णतेने चीक गोठतो व रोगप्रतिकारक द्रव्ये निकामी होतात. जार पडेपर्यंत थांबण्याची समजूत चुकीची आहे. उलट वासरू लुचू लागल्याने गर्भाशय आकुंचन पावते व जार पडण्यास मदत होते.

कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गाय विण्यापूर्वीच घरातील स्त्री-पुरुषांस समजावून सांगावी. वासराचे पोट भरल्यावर उरेल त्या चिकाचा खरवस खुशाल करावा.